गरबा, पतंग, पत्ते आणि मोबाइल: ख्रिस्ती मोकळीक घरात कशी वापरावी

बडोद्यात नवरात्र जवळ आलं की मंडळीतल्या तरुणांचा प्रश्न ठरलेला असतो: गरब्याला जाऊ का? पाळकसाहेब नको म्हणतात, कॉलेजचे मित्र पास आणून देतात आणि आईवडील लोक काय म्हणतील एवढंच बोलून गप्प बसतात. जानेवारीत तोच प्रश्न पतंगांचा, श्रावणात पत्त्यांचा आणि बारा महिने मोबाइलचा. दर वेळी वरून हो-नाही मागून घ्यायचं, मग ते पाळायचं किंवा चोरून मोडायचं, अशी सवय लागली की माणूस चाळिशीतही स्वतः पारख करू शकत नाही. प्रेषित पौलानं रोम आणि करिंथच्या मंडळ्यांना पत्रांतून नुसती उत्तरं दिली नाहीत, उत्तर कसं काढायचं तेही दाखवलं. ती रीत बडोद्याच्या घरांत कशी वापरायची ते पुढे दिलं आहे.

आधी तीन रकाने आखा

एक कोरा कागद घ्या आणि घरात ज्यावरून वाद होतात त्या सगळ्या गोष्टी लिहून काढा. मग त्या तीन रकान्यांत वाटा. पहिल्यात पवित्र शास्त्र ज्याला सरळ पाप म्हणतं ते. दुसऱ्यात शास्त्रानं ज्याबद्दल आज्ञा दिलेली नाही ते. तिसऱ्यात एरवी मोकळं, पण इथल्या कायद्यानं बंद केलेलं.

पहिल्या रकान्याला एक अट आहे: प्रत्येक नोंदीपुढे अध्याय आणि ओवी लिहायची, आणि ती ओवी मागच्या-पुढच्या पाच-पाच ओव्यांसकट मोठ्यानं वाचायची. ओवी मिळाली नाही, तर ती गोष्ट पहिल्या रकान्यात बसत नाही, मग आजोबांनी सांगितलेली का असेना. गडबड होते ती इथेच. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रातली ५:२२ ही ओवी, वाईटाच्या प्रत्येक प्रकारापासून दूर राहा, सिनेमापासून लिपस्टिकपर्यंत कशालाही लावली जाते. तिच्या आधीच्या दोन ओव्या संदेशांचा धिक्कार करू नका, सगळ्याची पारख करा आणि चांगलं ते धरून ठेवा असं सांगतात. पारख टाळायला ती ओवी पुढे करणं म्हणजे तिला उलटं टांगणं. तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे ही ओवीही (करिंथकरांस पहिलं पत्र ६:१९) जारकर्माच्या संदर्भातली आहे. वडापाव खाणाऱ्याला ती ऐकवू नये.

तिसरा रकाना बडोद्यात महत्त्वाचा आहे. दारूचंच घ्या. शास्त्र मद्यपी होणं पाप ठरवतं (इफिसकरांस ५:१८), पण द्राक्षारसाला पाप म्हणत नाही. काना गावच्या लग्नात प्रभूनंच तो पुरवला. पण गुजरातेत दारूबंदी आहे, त्यामुळे परवान्याशिवाय बाटली घरात आणणाऱ्यानं मोकळिकीची भाषा करू नये. सत्ताधाऱ्यांच्या अधीन राहा असं सांगणारा रोमकरांस १३ तिथे पुरेसा आहे. त्याच वेळी पुण्याच्या मेहुण्यानं जेवताना ग्लासभर वाइन घेतली म्हणून त्याच्या तारणाबद्दल शंका काढू नये. तो तिसऱ्या रकान्यात नाहीच. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळही ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्यानं बंद झाले. त्यांवर वेगळी चर्चा नको.

कुंपण आणि आज्ञा यांत गल्लत करू नका

यहुदी शिक्षकांची जुनी शिकवण होती की नियमशास्त्राभोवती कुंपण घाला, म्हणजे चुकून आज्ञा मोडायची वेळ येणार नाही. कुंपण घालण्यात वाईट काही नाही. ज्याला पत्त्यांचं व्यसन होतं त्यानं घरात कॅटच ठेवू नये, हे शहाणपण आहे. बिघडतं कधी, तर कुंपणच देवाच्या नावावर खपवलं जातं तेव्हा. देवानं आदामाला त्या झाडाचं फळ खाऊ नको एवढंच सांगितलं होतं (उत्पत्ती २:१७). सर्पाशी बोलताना हव्वेनं त्यात शिवूही नका हे वाढवलं (३:३). कलस्सैकरांस २:२०-२३ मध्ये पौल अशाच हाती घेऊ नको, चाखू नको, स्पर्श करू नको अशा नियमांबद्दल बोलतो. ते दिसायला ज्ञानाचे असतात, पण देहाच्या लालसेला आवरण्यात त्यांचा उपयोग नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. म्हणजे ते निव्वळ जाचक नाहीत, निकामीही आहेत.

म्हणून कुंपणाचा नियम लिहिताना तीन गोष्टी त्यात हव्यात: कोणासाठी, कशासाठी, कधीपर्यंत. ‘मी रात्री दहानंतर मोबाइल स्वयंपाकघरात ठेवीन, कारण झोप आणि सकाळची प्रार्थना दोन्ही बुडतात, ३१ मार्चपर्यंत.’ हा नियम चांगला आहे. ‘ख्रिस्ती माणूस रात्री मोबाइल पाहत नाही’ हा वाईट, कारण त्यात माणूस नाही, कारण नाही आणि मुदतही नाही. मुदत संपली की नियम पुन्हा वाचा, हवा तर वाढवा, नको तर फाडून टाका. मुदत नसलेले घरगुती नियम दहा वर्षांत आज्ञा होऊन बसतात, आणि मुलं पुढे तो नियम टाकतात तेव्हा त्याच्याबरोबर विश्वासही टाकतात. हे नुकसान फार मोठं आहे.

नियम कर्मठपणाकडे झुकलाय हे ओळखायची खूण म्हणजे तो पाळताना नजर दुसऱ्यांच्या पाळण्याकडे जाते. दुसरी खूण, तो मोडला तर देवापेक्षा मंडळीची भीती जास्त वाटते. आणि तिसरी अशी की नियमाला अंत राहत नाही. धर्मसुधारक कॅल्व्हिननं सोळाव्या शतकात हे नेमकं टिपलं आहे. तलम कापड वापरावं की नाही अशी शंका धरणारा पुढे जाड्याभरड्याबद्दलही साशंक होतो, आणि गोड मद्याला कचरणारा शेवटी जरा बऱ्या पाण्यालाही कचरतो.

प्रसाद आणि गरबा: पौलाच्या तीन जागा

करिंथच्या मंडळीपुढे मूर्तीला वाहिलेल्या मांसाचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर आपल्या वाड्या-सोसायट्यांना जसंच्या तसं उपयोगी पडतं. पौल तीन जागा वेगळ्या काढतो. देवळातली पंगत: तिथे बसणं म्हणजे त्या उपासनेत सहभागी होणं, म्हणून नको (करिंथकरांस पहिलं पत्र १०:१४-२२). बाजार: तिथे विकतात ते चौकशी न करता घ्या (१०:२५). ओळखीच्यांच्या घरचं जेवण: वाढतील ते खा, विचारत बसू नका, पण कोणी मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर सांगणाऱ्यासाठी थांबा (१०:२७-२९). मांस तेच, पण ते खाण्याचा अर्थ तिथे काय होतो यावर उत्तर बदलतं.

आता गणेशोत्सव घ्या. रावपुऱ्यातल्या मिठाईच्या दुकानातून मोदक आणून घरी खाल्ले तर त्यात विचारण्यासारखं काही नाही, तो बाजार झाला. शेजारच्या काकूंनी जेवायला बोलावलं आणि पानात पुरणपोळी वाढली, तर आधी नैवेद्य दाखवला होता का असं विचारणं उद्धटपणाचं आहे आणि शास्त्राला धरूनही नाही. मात्र काकू वाटी घेऊन दारात आल्या आणि ‘बाप्पाचा प्रसाद आहे हं’ म्हणाल्या, तर पौलाची तिसरी जागा आली. प्रसाद घेणं म्हणजे त्या पूजेत वाटा घेणं, असा अर्थ त्यांच्या मनात आहे आणि तो खरा आहे. तेव्हा वाटी खुणेनं परत न पाठवता तोंडानं आणि आदरानं सांगा: ‘काकू, प्रसाद म्हणून मी घेत नाही, आमची श्रद्धा तुम्हाला ठाऊक आहे. पण तुमच्या हातचे मोदक एरवी केलेत तर हक्कानं मागून खाईन.’ मग आत बोलवा, चहा करा, घरच्यांची विचारपूस करा. वाटी घेऊन दार लावलं आणि मोदक कचऱ्यात टाकले, तर त्यात खोटेपणाही आहे आणि अन्नाचा अपमानही. नाताळात त्यांच्याकडे करंज्या-चिवडा पाठवताना कोणी उपासामुळे किंवा अंडं असेल या शंकेनं नको म्हटलं, तर तेही तितक्याच सहजपणे घ्या.

काही ख्रिस्ती घरं दारात आलेला प्रसाद शेजारधर्म म्हणून स्वीकारतात. मूर्ती जगात काहीच नाही (८:४), हे त्यांचं कारण बरोबर आहे. पण पौल त्यावर थांबत नाही. समोरच्या माणसाला काय कळेल हेही तो विचारतो, म्हणून सौम्यपणे नाकारणं बरं असं आम्हाला वाटतं. यावरून कोणाला प्रभुभोजनाच्या मेजापासून दूर ठेवणं मात्र बरोबर नाही.

गरबा जास्त अवघड आहे, कारण त्यात तीन थर एकात एक आहेत: मधला गरबो (आत दिवा ठेवलेला मातीचा घट) किंवा मातेची मूर्ती आणि तिची आरती, गाण्यांतली स्तुती, आणि रिंगणातली पावलं. गुजरातच्या गरब्याला युनेस्कोनं डिसेंबर २०२३ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, म्हणून तो निव्वळ नाच ठरत नाही. आणि तो उपासनेशी बांधलेला आहे म्हणून त्यातली पावलंच अशुद्ध आहेत, असंही नाही. रूप आणि उपासना वेगळी करता येते हे मराठी ख्रिस्ती माणसाला नवं नको. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी अभंगाचा छंद ख्रिस्तभक्तीसाठी वापरला, आणि त्यांची गीतं मंडळ्यांत आजही म्हणतात.

जायचं का हे ठरवण्याआधी इतकं पाहून घ्या. आरती कधी होते, सुरुवातीला, मध्यंतरात की शेवटी? तेवढा वेळ बाहेर राहता येतं का, की सगळ्यांनी मधोमध उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतात? सोसायटीचा गरबा असेल तर तुमच्यावर ताट फिरवायची पाळी येणार आहे का? येणार असेल तर ते आधीच अध्यक्षांना भेटून सांगा, ऐन वेळी नको. आयोजकांनी प्रवेश फक्त हिंदूंसाठी असं जाहीर केलं असेल तर नाव लपवून आत जाऊ नका. तिथे मोकळिकीचा प्रश्न उरतच नाही, खोटं बोलणं पहिल्या रकान्यातलं आहे. आणि मुख्य म्हणजे तुमच्याबरोबर कोण येतंय? देवीची भक्ती सोडून नुकताच ख्रिस्ताकडे आलेला मित्र असेल तर त्याला नेऊ नका, तो विचारेल म्हणून तुम्हीही त्या वर्षी जाऊ नका. त्याच्या कानाला त्या गाण्यांत नाच ऐकू येत नाही, जुनी भक्ती ऐकू येते (८:७). इतरांनी आरतीच्या वेळी बाहेर शांत उभं राहून नंतर चार फेऱ्या घेतल्या, तर त्यांना मूर्तिपूजक म्हणायला आधार नाही. ज्याचं मन त्याला खातं त्यानं जाऊ नये. रोमकरांस १४:२३ प्रमाणे शंका धरून केलेली मोकळी गोष्टही त्याच्यापुरती पाप होते.

पतंग, पत्ते, क्रिकेट

उत्तरायणावर फार वेळ घालवायला नको. पतंग उडवणं सूर्यपूजा नव्हे. तिळगूळ आणि उंधियुंही खुशाल खा. तिथली खरी नैतिक बाब मांज्यात आहे, आणि मंडळ्यांत तिच्याबद्दलच कमी बोलतात. नायलॉनचा चिनी मांजा बंदीतला आहे. काचेची भुकटी लावलेली सुती दोरीही पक्ष्यांचे पंख आणि दुचाकीवाल्यांचे गळे कापते. फिरकी घेताना साधा सुती दोरा मागा. पक्ष्यांची ये-जा सकाळी लवकर आणि संध्याकाळी जास्त असते, तेव्हा नऊच्या आधी आणि पाचनंतर पतंग खाली घ्या. दुसऱ्या दिवशी गच्चीवर आणि झाडावर अडकलेला गुंता काढून जाळून टाका, नाहीतर तो महिनोन्महिने पक्षी धरत राहतो. पतंग कापला जाईल म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याचा जीव जाईल म्हणून थांबणं ही गलतीकरांस ५:१३ मधली, प्रीतीनं सेवा करणारी मोकळीक आहे.

श्रावणातल्या सातम-आठमला गुजरातेत घरोघर पत्ते रंगतात. बदाम सात, झब्बू, मेंढीकोट मजेत खेळा. पैसे आले की खेळ बदलतो, रक्कम दहा रुपये असली तरी. कारण तिथे तुमचा आनंद समोरच्याच्या तोट्यावर उभा राहतो आणि हरलेला तोटा भरून काढायला पुन्हा बसतो. तीन पत्तीच्या डावात बोलावलं तर मी बिनपैशाचा डाव असेल तर बसतो एवढं सांगा. नैतिक भाषण तिथे कोणी ऐकत नाही. क्रिकेटचंही तसंच: रविवारी कोटंबीच्या स्टेडियमवर सामना असेल तर सकाळची उपासना आटोपून जा. शब्बाथ माणसासाठी आहे (मार्क २:२७), पण दर रविवारी काही ना काही सामना असतोच असं होऊ लागलं तर पुढे ‘खासगी मोह’ या भागात दिलेली सात दिवसांची पारख करून बघा.

दुबळा भाऊ कोण, आणि टोकणारा कोण

‘मला अडखळण होते’ हे वाक्य मंडळीत फार वापरलं जातं. शास्त्रात अडखळण म्हणजे एखाद्याला राग येणं नव्हे. तुम्हाला पाहून तो स्वतःच्या विवेकाविरुद्ध तेच करायला धजतो आणि पडतो, ती अडखळण (करिंथकरांस पहिलं पत्र ८:१०). म्हणून कोणी तक्रार केली तर नम्रपणे एकच विचारा: ‘माझ्यामुळे तुम्हालाही ते करावंसं वाटतंय का?’ हो म्हणाला तर त्याच्यासमोर ते बंद करा, वाद न घालता, हवं तेवढे दिवस. ‘छे, मी कशाला करीन? पण तुम्हाला शोभत नाही’ असं म्हणाला तर तो दुबळा भाऊ नाही. त्याचं म्हणणं ऐका, वयाचा मान ठेवा, पण ते तारणाची अट म्हणून तो लादत असेल तर वाकू नका.

पौलानं दोन्ही केलं. यहुद्यांमध्ये सेवा करता यावी म्हणून त्यानं तीमथ्याची सुंता केली (प्रेषितांची कृत्ये १६:३). तीताची मात्र होऊ दिली नाही (गलतीकरांस २:३-५), कारण तिथे काही लोक सुंतेशिवाय तारण नाही असं म्हणत होते. विधी तोच होता. प्रेमानं मागे हटणं आणि भीतीनं मागे हटणं, यांतला फरक इतका मोठा आहे. पेत्र अंत्युखियात भीतीनं परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठला, तेव्हा पौलानं त्याला चारचौघांत सुनावलं (२:११-१४).

घरात नवरा-बायकोचं मत वेगळं असलं तर दोघांनी एक होईपर्यंत मुलांसमोर वाद नको. ज्याचा विवेक जास्त हळवा आहे त्याच्यासाठी दुसऱ्यानं घरात हात आखडावा, घराबाहेर त्याच्यावर तो नियम लादू नये. मुलांना सांगताना ‘आपल्या घरात’ असं म्हणा, ‘देव म्हणतो’ असं नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलानं एखादा रकाना स्वतः भरून आणला आणि तुमचं मत खोडलं, तर त्याला ओव्या विचारा, आवाज चढवू नका.

खासगी मोह

आधी पारख. ज्या मोकळ्या गोष्टीबद्दल मनात खटकतं, रील्स, वेब सिरीज, तंबाखूचा मावा, ऑनलाइन खरेदी, ती सात दिवस पूर्ण बंद ठेवा, तिच्या जागी दुसरं काही न भरता. चिडचिड झाली, किती वेळ गेला याबद्दल घरात खोटं बोललात, तिसऱ्याच दिवशी नियमात पळवाट शोधलीत, तर ती गोष्ट तुमच्यावर सत्ता चालवते आहे. करिंथकरांस पहिलं पत्र ६:१२ मध्ये पौल मोकळीक मान्य करून लगेच हेच म्हणतो की मी कशाच्याही अधीन होणार नाही. जी थांबवता येत नाही ती मोकळीक नाही.

अश्लील चित्रफितींचा मोह मुळात पहिल्या रकान्यातला (मत्तय ५:२८). तिथे मोकळिकीची चर्चा नको, पण नियमांच्या ढिगानंही तो सुटत नाही. याकोब १:१४-१५ मध्ये क्रम दिला आहे: वासना ओढते, भुलवते, गर्भ धरते, मग पाप. आठवडाभर वहीत फक्त इतकं लिहा: किती वाजता, कुठे, त्याआधी काय झालं होतं. बहुतेकांच्या नोंदी एकाच ठिकाणी गोळा होतात, रात्री अकरानंतर, एकटे, दमलेले किंवा भांडून आलेले. कुंपण तिथे घाला, पापाच्या दारात नको, त्याच्या एक पायरी आधी. मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर चार्ज करा आणि त्यासाठी गजराचं साधं घड्याळ विकत आणा. ते नसेल तर मोबाइल उशाशी परत येतोच. घरच्या राउटरमध्ये डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा. क्लाउडफ्लेअरची ही मोफत सेवा प्रौढांच्या साइट अडवते. पण राउटर फक्त वायफाय अडवतो. मोबाइल डेटावर तो लागू होत नाही, म्हणून अँड्रॉइडच्या प्रायव्हेट डीएनएसमध्येही ती सोय वेगळी चालू करावी लागते. इथेच बहुतेकांचा बंदोबस्त गळतो.

पडलात तर क्रम असा ठेवा. लगेच देवापाशी कबूल करा (योहानाचं पहिलं पत्र १:९). त्याच दिवशी एका माणसाला सांगा (याकोब ५:१६). मग जेवा, वेळेवर झोपा आणि दुसऱ्या दिवशी ठरलेल्याच नियमावर परत या. प्रायश्चित्त म्हणून तीन दिवसांचा उपास धरू नका, तो हप्ता ख्रिस्तानं वधस्तंभावर भरून टाकला आहे. दोन दिवस कोणताही नवा नियम करू नका. अपराधी मनानं केलेले नियम अतोनात कडक असतात, आठवड्यात मोडतात आणि दुप्पट खोल नेतात. कृपाच आपल्याला अभक्तीला नाही म्हणायला शिकवते असं तीताला २:११-१२ मध्ये लिहिलं आहे. नाही म्हणायचं बळ कृपेतून येतं, धाकातून नाही.

ज्याला सांगाल तो तुमच्याच लिंगाचा असावा, विश्वासात स्थिर आणि तोंडाचा घट्ट. पाळकच असावा असं नाही. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी पंधरा मिनिटं, शक्यतो समोरासमोर. फत्तेगंजमधून चालत चालत बोललात तरी चालेल, फोनवर मात्र माणूस अर्धं लपवतो. ऐकणाऱ्यानं तपशील खोदून विचारू नयेत, काय पाहिलंस हा प्रश्न नकोच. तीन प्रश्न पुरतात: नोंद कुठली पडली, त्याआधी काय झालं होतं, पुढच्या आठवड्यात कुंपणाची कोणती फळी बदलायची. मग दोघांनी प्रार्थना करावी आणि निघावं. तीन महिन्यांत नोंदी कमी झाल्या नाहीत, किंवा झोप, नोकरी, संसार यांवर परिणाम दिसू लागला, तर ऐकणाऱ्यानं स्वतःच समुपदेशकाकडे जाण्याचा विषय काढावा आणि पहिल्या भेटीला बरोबर जावं.